मळ कापून साडेसात किलो

पाणी तापवायचा तांब्याचा बंब विकायचा नव्हताच. हे आधी सांगून टाकतो, कारण घरात अजूनही कुणाचा यावर विश्वास नाही. भंगारवाल्याला हाक रद्दीसाठी मारली होती. पण तो गडी आला तो पेपरांच्या गठ्ठ्याकडे ढुंकूनही न बघता व्हरांड्यात वाळत ठेवलेल्या बंबापुढे उकिडवा बसला. खिशातून सुतळीला बांधलेलं लोहचुंबक काढलं आणि बंबाच्या पायाला लावलं. टक्.

"लोखंड हाय, मालक."

"अहो, तो पाय आहे. पाय लोखंडीच असतात. वर लावून बघा."

"पायावरच उभाय न्हवं?"

माझ्या आग्रहाखातर त्यानं चुंबक वर लावलं. ते घसरून खाली पडलं. त्यानं शांतपणे उचललं आणि परत पायाला लावलं. "हितं चिकटतंय की ओ." जणू वरच्या तांब्याचाच काहीतरी दोष होता.

मग ताणकाटा निघाला. कडीत आकडा अडकवून त्यानं बंब उचलला, मान तिरपी केली आणि म्हणाला, "धा किलो. मळाचं कापावं लागंल."

"मळ कसला? काल अख्खी सकाळ घासलाय."

"आतला."

"आतलापण काढलाय."

"मग पाण्याचं कापू." बंबात पाण्याचा टिपूस नव्हता. त्यानंतर राखेचं कापलं, तोटी पितळेची म्हणून तिचं कापलं आणि शेवटी पायांचं.

"थांबा. मघाशी सगळाच लोखंडी म्हणालात, मग पायांचं वेगळं कसं कापताय?"

"तुम्हीच म्हणलाव की पाय लोखंडी."

आतून आवाज आला, "किती म्हणतोय?" हे मला सगळ्यात जास्त लागलं.

आता थोडं बंबाच्या बाजूनं. हे भांडं दिसतं साधं, पण डोकं लावून केलेलं आहे. मधोमध उभी नळी, तिच्यात विस्तव, खाली जाळी आणि राख. नळीभोवती पाणी. वरच्या नरसाळ्यातून गार पाणी ओतलं की तेवढंच गरम पाणी तोटीतून बाहेर पडतं. सांधे डाग देऊन, म्हणजे कथील-शिशाचा रस लावून जोडलेले असतात. हा डाग १९० अंशांच्या आसपास वितळतो. पाणी मात्र १०० अंशांच्या वर चढत नाही, म्हणून आत पाणी असेपर्यंत सांध्याला धोका नाही. बंब गळका होतो तो म्हातारपणानं नव्हे, कुणीतरी पाणी न घालता आधी विस्तव टाकला म्हणून. माळ्यावर टाकलेल्या बहुतेक बंबांचा गुन्हेगार घरातलाच असतो.

त्यामुळे पहिलं काम घासायचं नाही, गळती बघायचं. बंब गार पाण्यानं काठोकाठ भरून पेपरवर रात्रभर ठेवावा. सकाळी जिथं पेपर भिजलेला असेल त्याच्या वरचा सांधा गेलेला. तोटीच्या आट्यातून थेंब येत असतील तर टेफ्लॉन टेपचे पाच-सहा वेढे पुरतात.

दुसरं काम नळीतली काजळी. ती कोरडीच काढायची, लांब तारेच्या ब्रशनं. पाणी लागलं की तिचं काळं खरकटं होतं आणि ते व्हरांड्याच्या फरशीवरून दिवाळीपर्यंत जात नाही. तिसरं काम क्षार. आमच्याकडं बोअरच्या पाण्याचा आतून पांढरा थर बसतो, कवटीसारखा टणक. लिटरभर गरम पाण्याला ५० ग्रॅम लिंबूसत्व घालून तीन-चार तास भरून ठेवलं की फसफसत सुटतो. फरशीचं ॲसिड चुकूनही नको. ते क्षाराबरोबर डागही खातं.

बाहेरून चिंच. लिंबाएवढी, अर्धा तास भिजवलेली, चिमूटभर मीठ घालून. नारळाच्या शेंडीनं चोळायचं, पाच मिनिटांत धुवायचं आणि लगेच कोरडं पुसायचं. तारेची घासणी नको, ओरखडे कायमचे. पितळेला चिंच लावून रात्रभर ठेवणारे लोक आहेत. त्यातलं जस्त निघून जातं आणि सकाळी भांड्यावर तांबूस चट्टे येतात, गोवर आल्यासारखे. पॉलिशवाल्याकडं मशीनवर द्यायची तर हौस आणखी महाग पडते. जुन्या पातेल्यावर ठिपक्या-ठिपक्यांनी कोरलेलं नाव असतं, लग्नाची तारीख असते, 'मामाकडून' असतं. बफ एकदा फिरला की मामा गेला.

पातेल्यावरून आठवलं, बंबाच्या मागे एक पितळी पातेलंही सापडलं. त्यात आमटी करायची तर आधी कल्हई हवी, नाहीतर चिंचेनं कळकते. भांडं भट्टीवर तापवायचं, नवसागराची पूड टाकायची, पांढरा धूर उठला की कथलाची कांडी फिरवायची आणि कापसाच्या बोळ्यानं झरझर पसरायची. कथील २३२ अंशांना वितळतं, म्हणून असं पातेलं रिकामं आचेवर विसरू नये. एवढं सगळं सांगून उपयोग काय, कल्हईवाला गल्लीत आल्याला किती वर्षं झाली ते आठवत नाही.

आणि या सगळ्याला लागतं पाणी. क्षार काढल्यावर आतून तीन वेळा खळखळून धुवायचं, म्हणजे तीन बंब पाणी. सोलापुरात! नळाला पाणी चार दिवसांआड, तेही मध्यरात्री, आणि आल्याचं कळतं ते शेजारच्यांच्या मोटारीच्या आवाजावरून. उजनी ११७ टीएमसीचं धरण. पावसाळ्यात भरलं की त्याचे फोटो सगळ्यांच्या मोबाइलवर येतात. फोटोनं बंब धुता येत नाही. मी पिंपातलं पिण्याचं पाणी वापरलं, त्याचा हिशेब घरात अजून चालू आहे.

शिवाय बंब वापरणार कधी? संक्रांतीची गड्ड्याची जत्रा उठली की थंडी उठली. पुढं मार्चपासून गच्चीवरची टाकी हाच बंब, नळ सोडला की चटका. हे सगळं मला मान्य आहे. म्हणून काय मळ कापून साडेसात किलो?

मी नाही म्हटल्यावर तो उठला. "दोन बारड्या देतो, प्लास्टिकच्या, झाकणाच्या," हा शेवटचा भाव सांगून, रद्दी न नेताच गेला. ठीकच झालं, गळती बघायला पेपर लागणारच होते.

काल परत आला. चुंबक इथंच राहिलं होतं, बंबाच्या पायाला चिकटलेलं. म्हटलं देतो की, काटा काढा. सुतळीचं मात्र कापावं लागंल.