परवानगी घेणारा तेवढा सापडतो

आठ दिवस डोक्यात घोळतंय ते आज लिहूनच टाकते. पोस्ट मोठी झालीय, चहा घेऊन बसा.

आमच्या वाचनालयाची दर फेब्रुवारीत पाच दिवसांची व्याख्यानमाला असते. मोठं काही नाही, दीडशे खुर्च्या, मध्यंतरात चहा, पहिल्या दोन रांगांत ठरलेले आजी-आजोबा. यंदा वर्गणी बरी जमली म्हणून कमिटीत ठरलं की आजूबाजूच्या चौकांत सहा फ्लेक्स लावू, चार बाय सहाचे. आमचे सेक्रेटरी काका बँकेतून रिटायर झालेत, ते म्हणाले लावायचे तर रीतसर परवानगी काढूनच. आणि ते काम माझ्या गळ्यात पडलं कारण त्या मीटिंगला मी उशिरा पोचले होते.

तर मी गेले महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयात, तिथून पाठवलं मुख्य इमारतीत, 'आकाशचिन्ह व परवाना विभाग'. काय नाव आहे! मला आधी वाटलं इथे धूमकेतूची नोंद करत असतील. आमचं आकाशचिन्ह बांबूला सात फुटांवर सुतळीने बांधलेलं असणार होतं. कागद काय काय, तर संस्थेच्या लेटरहेडवर अर्ज, नोंदणीची झेरॉक्स, फ्लेक्सचं रंगीत डिझाइन, प्रत्येक जागेचा फोटो आणि हाताने काढलेला नकाशा, चौकाजवळ असेल तर वाहतूक शाखेचं ना हरकत, कुणाच्या भिंतीला लागून असेल तर मालकाचं संमतीपत्र, मग चौरस फुटाप्रमाणे रोजचं भाडं, त्यावर टॅक्स, वर अनामत रक्कम, जी फ्लेक्स काढल्याचे फोटो दाखवले की परत. सहापैकी चार जागा मंजूर झाल्या, अकरा दिवस लागले. तेवढ्यात चौथ्या दिवसाचे वक्ते आजारी पडले आणि दुसरे ठरवावे लागले, तर म्हणे मजकूर बदलला की नवीन अर्ज. मी हो म्हटलं, बाहेर आले आणि काकांना फोन केला की छपाई जुन्याच नावाने करू आणि वरून कागदी पट्टी चिकटवू. हा माझा गुन्हा, कबूल आहे.

खरी मजा फ्लेक्सवाल्याकडे. परवानगीच्या पत्रात अट होती की नंबर आणि मुदत फलकावर छापायची. तो पोरगा माझ्याकडे बघतच राहिला, म्हणाला ताई इतकी वर्षं दुकान चालवतोय, नंबर टाका म्हणणारं गिऱ्हाईक पहिल्यांदाच बघतोय, कुठे टाकू, फोटोच्या खाली? म्हटलं फोटो नाहीये. "फोटो नाही? मग बघणार कोण?"

फ्लेक्स लागले. दुसऱ्या दिवशी सकाळी दूध आणायला गेले तर मुख्य चौकातला आमचा फ्लेक्स गायब. गायब म्हणजे होता तिथेच, पण त्याच्या पुढ्यात वीस बाय दहाचा वाढदिवस उभा होता. कुणी एक भावी नगरसेवक, गॉगल, खाली तेवीस शुभेच्छुक, हो मी मोजले, प्रत्येकाचा फोटो, नाव आणि 'आबा', 'भाऊ', 'दादा'. परवानगी नंबर अर्थात नाही. मी फोटो काढून तक्रारीच्या ॲपवर टाकला, तिसऱ्या दिवशी मेसेज आला, 'आपल्या तक्रारीचे निराकरण करण्यात आले आहे.' गॉगल तिथेच.

व्याख्यानमाला संपली, तीन फ्लेक्स आम्ही त्याच रात्री उतरवले, रिक्षा स्टँडमागचा चौथा राहिला, विसरलो. मुदत संपून दोन दिवस झाले आणि मला फोन, मॅडम तुमचा फलक अजून आहे, त्या जागेची अनामत जप्त होईल. चूक आमचीच, वाद नाही. पण मी सहज विचारलं, तुम्हाला कळलं कसं आमचाच ते? "अर्जावर नंबर आहे ना तुमचा." बरं, मग त्या चौकातल्या तेवीस जणांचं काय? "त्यावर नंबर कुठाय मॅडम?"

तेवीस चेहरे, तेवीस नावं, तरी तो फलक कुणाचा ते कळत नाही. आणि आमचा मात्र लगेच कळतो, कारण आम्ही जाऊन सांगितलं होतं.

मी त्या माणसावर चिडलेली नाहीये. आमच्या भागासाठी त्यांच्याकडे एक गाडी आणि चार माणसं, त्यांनी वाढदिवस उतरवायला हात लावला की वरून कुणाचा तरी फोन येतो, हे त्यानेच हळू आवाजात सांगितलं. त्याच्या जागी मी असते तर मीही आधी वाचनालयालाच फोन केला असता, वाचनालय कुणाला फोन लावणार?

आता कायदा नाही असं नाही हां. १९९५ चा मालमत्ता विद्रूपणाचा कायदा आहे, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. दोन हजार! १९९५ ला ती रक्कम असेल काहीतरी, आज तेवढ्यात त्या वाढदिवसाची छपाईसुद्धा होत नाही. साताऱ्याच्या सुस्वराज्य फाउंडेशनने याच विषयावर याचिका केली, तिच्यावर मुंबई हायकोर्टाने जानेवारी २०१७ मध्ये सविस्तर निकाल दिला, राजकीय पक्षांनी 'आम्ही बेकायदा फलक लावणार नाही' अशी हमी दिली, आणि नोव्हेंबर २०२४ ला कोर्टाला त्याच पक्षांना विचारावं लागलं की तुमच्यावर अवमानाची कारवाई का करू नये. मधल्या सात वर्षांत काय झालं ते आपापल्या चौकात बघून घ्या.

आणि हा फक्त शहर घाण दिसतं एवढ्यापुरता विषय नाही. घाटकोपरला १३ मे २०२४ ला पेट्रोल पंपावर होर्डिंग कोसळून सतरा माणसं गेली, ते १२० बाय १२० फुटांचं होतं, मुंबईत मर्यादा ४० बाय ४० ची. त्यानंतर सगळीकडे लोखंडी होर्डिंगचं स्ट्रक्चरल ऑडिट सुरू झालं, व्हायलाच हवं होतं. पण बांबूवरच्या फ्लेक्सचं कोण बघतं? चेन्नईत सप्टेंबर २०१९ ला एका लग्नाचा बॅनर दुभाजकावरून सुटून स्कूटरवरच्या तेवीस वर्षांच्या इंजिनिअर मुलीवर पडला, ती खाली पडली आणि मागून टँकर आला. लग्नाचा बॅनर. दोन दिवसांचाच, म्हणून बांधणाराही दोन दिवसांच्या हिशोबानेच बांधतो.

मी हे आमच्या ग्रुपवर लिहिलं तर दोघातिघांचं म्हणणं आलं, सरसकट बंदीच घाला ना फ्लेक्सवर. मला नाही पटत. पेपरात जाहिरात द्यायला आमच्याकडे पैसे नाहीत, आणि व्हॉट्सॲप आधीपासून येणाऱ्या लोकांनाच पोचतं. रस्त्याने जाताना सहज वाचून आत आलेला माणूस, तसे यंदा सातआठ तरी होते, तो चौकातल्या फलकानेच येतो. बंदी घातली तर बंद होणार आम्ही, रक्तदान शिबिरवाले, भिशी मंडळाचा हळदीकुंकू मेळावा. गॉगल कुठे जात नाही.

लहानपणी आमच्या चौकात मंडळाचा काळा फळा होता, सुविचार, कुणाचं निधन, नळाला पाणी कधी, नाटक कुठे, सगळं खडूने. बाजूला पेंटरने रंगवलेलं कापडी बॅनर, तेच कापड धुऊन पुढच्या वर्षी उलट्या बाजूने. आता फ्लेक्स. १ जुलै २०२२ पासून १०० मायक्रॉनपेक्षा पातळ पीव्हीसी बॅनरवर देशभर बंदी आहे, हे मलाही या निमित्ताने कळलं. जाड चालतो, आणि तो काही कुजत नाही, आमच्या गच्चीवर उन्हाळ्यात कुरडया एका माजी आमदारांच्या चेहऱ्यावर वाळतात.

माझं म्हणणं एवढंच की प्रत्येक वॉर्डात चारपाच जागी त्या काळ्या फळ्यासारखा एखादा सार्वजनिक फलक ठेवा, ठरलेल्या मापाचा, आठवड्याच्या मुदतीचा, छोट्या संस्थांना फुकट किंवा नाममात्र, अर्ज केल्याच्या दिवशीच नंबर. आणि उलटी बाजू कडक करा, नंबर नसलेलं डिझाइन मशीनवर घेतलं तर दंड छापणाऱ्याला. फ्लेक्सवाला पोरगा मला म्हणाला, ताई असं केलं तर आमचीच सुटका होईल, 'नंबर आणा' म्हणायला आम्हाला आधार मिळेल, आत्ता नाही म्हटलं तर भाऊ समोरच्या दुकानात जातात आणि जुनं बिलही बुडवतात.

पुढच्या वर्षी कापडी बॅनर करायचं ठरलंय, वाचनालयाच्या स्वतःच्याच कंपाउंडवर. रंगवणारा पेंटरही सापडला, सत्तरीचा आहे, अक्षर अजून सुरेख. स्वतःच्या भिंतीला परवानगी लागते का, विचारायला मी परवा पुन्हा आकाशचिन्हात गेले होते.

"तसं लागत नसावी मॅडम. पण तुम्ही आलाच आहात तर अर्ज देऊन ठेवा."

दिला.