सिकलसेलच्या वॉर्डात गाणं हवंच

"अमुक राग ऐका, शुगर उतरेल" असे फॉरवर्ड कृपा करून मला पाठवू नका. संगीतोपचाराचं सगळ्यात जास्त नुकसान त्यांनीच केलंय. माझ्या धाकट्या बहिणीला सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे, एसएस पॅटर्न, म्हणजे आई-वडील दोघांकडून आलेला. तिच्या विळ्यासारख्या वाकलेल्या लाल पेशी कुठल्याही रागानं सरळ होणार नाहीत. त्यासाठी हायड्रॉक्सियुरिया हे औषध आहे, भरपूर पाणी आहे, डिसेंबरच्या थंडीत स्वेटर आहे.

पण क्रायसिस, म्हणजे दुखण्याचा तीव्र झटका, येतो तेव्हा या पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडं आतून ठणकतात. वरून बहुतेक वेळा काहीच दिसत नाही. मग "नाटक करते" हे ऐकावं लागतं. नातेवाईक सोडा, एकदा इंजेक्शन द्यायला आलेल्या माणसाकडूनही ऐकलंय. मला फार राग येतो याचा.

वेदनेचा निरोप मेंदूकडे जाताना मज्जारज्जूतच कमी-जास्त होऊ शकतो, हे मेल्झॅक आणि वॉल या वेदनेच्या अभ्यासकांनी १९६५ मध्येच मांडलं. भीतीनं दुखणं वाढतं. मन गुंतलं, श्वास संथ झाला की उतरतं. म्हणून प्रशिक्षित संगीतोपचारक नुसतं गाणं लावून निघून जात नाही. आधी बसून विचारतो, दहापैकी किती दुखतंय? काय ऐकायला आवडतं? रुग्णाचा श्वास जोरात चालला असेल तर तीच लय धरतो आणि मग हळूहळू खाली आणतो. अमेरिकेत क्लीव्हलँडला सिकलसेलच्या रुग्णांसोबत हे करून पाहिलंय. एका सत्रानंतरही दुखणं कमी जाणवल्याची नोंद आहे. आणि खरं सांगू? कुणीतरी शांतपणे विचारलं, विश्वास ठेवला, यातच निम्मं दुखणं हलकं होत असावं.

माझ्या बहिणीला भीमगीतं लागतात, तीही ढोलकीवाली. दुखत असतानाही तिची बोटं चादरीवर ठेका धरतात. तिला बासरी ऐकवली तर कूस बदलून झोपेल. निवड रुग्णाचीच हवी.

विदर्भात गाणाऱ्यांची वाण नाही. तुकडोजी महाराजांनी खंजिरीवर गावंच्या गावं जागी केली. कमी आहे ती रीतसर शिकलेल्या उपचारकांची. सिकलसेल निर्मूलन अभियान २०२३ मध्ये सुरू झालं, उद्दिष्ट २०४७ चं. तपासण्या, कार्डं, समुपदेशन हे सगळं हवंच. पण आज जे कण्हताहेत त्यांच्यासाठी जिल्ह्याला एक संगीतोपचारकाचं पद द्या. सुरुवात नागपुरात मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांपासून करा.

तसं निवेदन मी लिहिलंय. सही करायची असेल तर कमेंटमध्ये सांगा. आणि हे शिक्षण घेतलेलं कुणी नागपुरात असेल, तर मला इनबॉक्समध्ये नक्की लिहा.