मापात पाप

गेल्या रविवारी सकाळी सोलापुरातल्या एका सभागृहात मी पाठीवर आपटलो, आणि त्या आपटण्याचे पैसे मी आगाऊ भरलेले होते. नृत्यातून परस्परविश्वास शिकवणाऱ्या या शिबिरात पत्नीने आम्हा दोघांची नावे घातली होती. तेथे पोचताच नवराबायकोंना वेगळे करण्यात आले, कारण त्यांच्यात जुने हिशेब असतात, असे प्रशिक्षकांचे म्हणणे पडले.

माझ्या वाट्याला आले ते वजनमापे तपासण्यात अख्खी नोकरी घालवलेले एक निवृत्त निरीक्षक. पाठीला पाठ लावून, कोपरात कोपर अडकवून खाली बसायचे आणि हात न टेकता उठायचे, हा पहिला व्यायाम होता. त्यातली मेख अशी की, एकट्याच्या जोरावर उठू पाहणारा तिथेच बसून राहतो. दोघांनी एकमेकांच्या पाठीवर सारखा रेटा दिला तरच दोघे वर येतात. आम्ही अर्धे वर आलो असताना निरीक्षकांनी काम थांबवले.

"साहेब, तुमचं वजन किती?"

"84 किलो."

"माझ्या पाठीला साठच लागतंय की. बाकीचं कुठं ठेवलंत?"

अर्धवट वाकलेल्या गुडघ्यांवर तोल सांभाळत मी त्यांना समजावले की, माझे पाय जमिनीवर असल्यामुळे काही भार तिकडे जाणारच.

"दुकानदार बी असंच काहीतरी सांगायचे," ते म्हणाले. "मापात मारायचं आणि वर जमिनीचं नाव घ्यायचं. असं नसतंय हो. शेवटचा काटा कधी केलात?"

हा आवाज आयुष्यभर भर बाजारात चढवलेला असल्याने सभागृहाच्या टोकापर्यंत पोचला. शेजारी मनगटे धरून मागे झुकलेल्या दोन मुली हसता हसता सुटल्या आणि खाली बसल्या. त्याच क्षणी पलीकडच्या कोपऱ्यातून माझ्या पत्नीने, कोणीही विचारलेले नसताना, जाहीर केले, "ते 87 आहेत!"

"म्हणजे नोंदही खोटी," निरीक्षक समाधानाने म्हणाले.

प्रशिक्षकांनी विषय बदलण्यासाठी माहिती दिली की, स्टीव्ह पॅक्स्टन या अमेरिकी नर्तकाने 1972 साली स्पर्श आणि भार यांच्या देवघेवीवर उभे राहिलेले हे नृत्य सुरू केले आणि त्याआधी तो ऐकिडो ही जपानी युद्धकला शिकला होता. माझे त्या गृहस्थांशी भांडण नाही. परंतु आमच्या आज्या हाताला हात गुंफून, पावले जवळ ठेवून, मागे झुकून गरागरा फुगडी घालत, तेव्हा हेच घडत असे; हलकी बाई जरा जास्त झुके, भारी बाई जरा कमी, आणि कोणीही कोणाचे वजन विचारत नसे. संक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वराच्या यात्रेत येथे सात नंदीध्वज, म्हणजे उंच मानाच्या काठ्या, पेलत नेले जातात आणि त्यासाठी आधी कित्येक दिवस सराव चालतो. तेथे दुसऱ्याने काठीचा भार घेतल्याखेरीज पहिला ती सोडत नाही, एवढे साधे शहाणपण या गावाला फुकट ठाऊक आहे. मी मात्र ते पावती फाडून शिकायला गेलो होतो.

शेवटचा व्यायाम मागे पडण्याचा होता. पडणाऱ्याने कमरेत न वाकता फळीसारखे ताठ राहायचे; झेलणाऱ्याने एक पाय पुढे, एक मागे ठेवून, गुडघे किंचित वाकवून अगदी जवळ उभे राहायचे. खाली सोलापुरी चादरी अंथरल्या होत्या, ज्यांच्या टिकाऊपणाविषयी मला शंका नाही, परंतु मऊपणाविषयी आता आहे. मी डोळे मिटले, "तयार?" असे विचारले, "हां, तयार," असे उत्तर ऐकले आणि फळीसारखा गेलो.

निरीक्षक त्या क्षणी दोन पावले मागे होते. मोजणीपूर्वी काटा शून्यावर आणावा लागतो, म्हणून आपण हात झटकून मोकळे करत होतो, असे त्यांनी नंतर सांगितले.

याचाही मला राग नाही. राग आहे तो प्रशिक्षकांचा, कारण मला उठवताना ते मृदू स्वरात म्हणाले, "तुमचा विश्वास थोडा कमी पडला." माझा विश्वास थेट फरशीपर्यंत पोचला होता, आणखी किती पोचायचा? ज्याने झेलायचे तो हात झटकत बसला, आणि दोषाची पावती मात्र पडणाऱ्याच्या नावाने फाडली गेली. चोख माल नेणाऱ्यालाच काट्याचा दंड, असा हा प्रकार होता.

परत येताना स्कूटर पत्नीने चालवली. सात रस्ता चौकापर्यंतचा प्रत्येक गतिरोधक मला माकडहाडाने मोजता आला. निघताना निरीक्षकांनी माझा हात प्रेमाने दाबून सांगितले होते की, पुढच्या रविवारी फेरतपासणी करू, आणि येताना ते घरचा काटा घेऊन येणार आहेत.