ओलं रीळ, लाल दिवा आणि माटोळीवरचे डाग

पावसाळ्यात घरी फिल्म धुणाऱ्यांमध्ये सध्या एक सल्ला मोबाइलवर फिरतोय. गोव्याच्या दमट हवेत फिल्म रिळावर, म्हणजे धुताना ती गुंडाळून ठेवायच्या खाचांच्या चकरीवर, सरकत नाही, म्हणे. तेव्हा रीळ आधी पाण्यात बुडवा, अंधारात चाचपडण्यापेक्षा लाल दिवा लावा, आणि अडकलीच तर जोर लावा. तिन्ही चूक. त्यातली पहिली मी स्वतः करून बसलोय.

प्लास्टिकच्या रिळात फिल्म बाहेरच्या कडेने शिरते आणि दोन्ही चकत्या आलटून पालटून फिरवल्या की खाचेतून मध्याकडे सरकत जाते. ३६ फोटोंची फिल्म म्हणजे दीड मीटरची पट्टी. तिच्यावरचं जिलेटिन पाणी लागताच फुगतं, चिकट होतं. खाचेत एक थेंब राहिला तरी फिल्म तिथेच बसकण मारते. तोंडाशी असलेल्या बारक्या गोळ्याही ओल्या झाल्या की नीट फिरत नाहीत. स्टीलच्या रिळावर फिल्म मधून बाहेर गुंडाळतात, ती खाचेतून सरपटत नाही. तिथे थोडी ओल खपून जाते. सल्ला बहुधा तिकडूनच आला असावा.

मागे चवथीच्या माटोळीची, म्हणजे गणपतीवर टांगलेल्या फळाफुलांच्या छताची, फिल्म मी अर्धवट सुकलेल्या रिळावर चढवली. निम्म्यावर अडकली, मी रेटली, वेढे एकमेकांना चिकटले. चिकटले तिथे ना चित्र उमटवणारा डेव्हलपर पोचला, ना ते पक्कं करणारा हायपो. सुपारीचा घड आणि तोरंजन असायला हवं तिथे दुधी डाग! शिवाय रेटल्यामुळे पडलेल्या चंद्रकोरीसारख्या वळ्या, त्या वेगळ्याच.

लाल दिवा प्रिंटच्या नेहमीच्या कागदासाठी. त्या कागदाला लाल दिसत नाही. एचपी५ किंवा ट्राय-एक्स या नेहमीच्या कृष्णधवल फिल्मना सगळे रंग दिसतात, म्हणून लाल उजेडातही त्या खराब होतात. लाल न दिसणारी ऑर्थो फिल्म चालते, पण ती वापरतो कोण?

हवा दमट आहे, खोटं नाही. पण मला जास्त नडतो तो हातांचा घाम, चेंजिंग बॅगेत, म्हणजे आत हात घालून फिल्म चढवायच्या काळ्या पिशवीत, तर पाचच मिनिटांत. म्हणून मी रात्री कोठीच्या खोलीत, दाराखाली गोधडी सारून बसतो. रीळ आदल्या दिवशी टूथब्रशने घासून, सुकवून घट्ट डब्यात ठेवलेलं. फिल्मचं टोक सरळ कापून दोन्ही कोपरे किंचित गोल केलेले, म्हणजे ते खाचेत रुतत नाहीत.

तरी अडकलीच, तर फिल्म आणि रीळ टँकमध्ये, म्हणजे फिल्म धुवायच्या बंद डब्यात, टाका, मधली काळी नळी बसवून झाकण लावा. नळी विसरलात तर उजेड आत जातो. मग खुशाल दिवा लावा, हात धुऊन पुसा, दहा मिनिटं पंख्याखाली बसा. वीज गेली असेल तर पडवीत.