नमलॉकचा दिवा

संगणकाच्या स्मरणशक्तीबद्दल माझी तक्रार नाही. वायफायचा पासवर्ड, पडद्यावरचं चित्र, रात्री अर्धवट सोडलेले ब्राउझरचे टॅब, सगळं त्याच्या ध्यानात असतं. फक्त कीबोर्डच्या उजव्या बाजूचा नमलॉक, म्हणजे तिथल्या चौकोनातल्या बटणांना आकडे टाकायला लावणारं बटण, चालू ठेवायचा, एवढं मात्र त्याला दर सकाळी नव्याने सांगावं लागतं.

आता यात रडण्यासारखं काय, असं ज्यांना वाटतं त्यांनी कधी उजव्या हाताने, कीबोर्डकडे न बघता आकडे टाकलेले नसतात. नमलॉक बंद असला की त्या चौकोनातल्या बटणांचं चारित्र्यच बदलतं. चार म्हणजे डावीकडे सरक, सात म्हणजे ओळीच्या सुरुवातीला पळ, टिंब म्हणजे डिलीट. स्प्रेडशीटमध्ये मी ४७.५ टाकायला जातो. कर्सर एक घर डावीकडे जातो, तिथून पहिल्या रकान्यात उडी मारतो, तिथलं कुणाचं तरी नाव पुसतो आणि पाचला गप्प राहतो. पाच तेवढा सज्जन. मी मान वर करतो तोवर आणखी तीन-चार जणांचा निकाल लागलेला असतो.

मुळात हे बटण आलं ते जागेच्या टंचाईतून. १९८१च्या आयबीएम पीसीच्या कीबोर्डवर ८३ बटणं होती आणि बाणांना वेगळी जागाच नव्हती. म्हणून आकडे आणि बाण एकाच बटणांवर बसवले आणि कोणाची पाळी चालू आहे हे ठरवायला नमलॉक ठेवला. गंमत म्हणजे त्या कीबोर्डवर नमलॉक चालू आहे हे दाखवणारा दिवाही नव्हता. पाळी कोणाची ते बटण दाबल्यावरच कळायचं. दिवे आले १९८४च्या पीसी एटीबरोबर. मग १०१ बटणांचा कीबोर्ड आला, बाणांना स्वतंत्र घर मिळालं आणि नमलॉकचं काम संपलं. पण निवृत्त झालेला हेडक्लार्क रोज ऑफिसात येऊन हजेरीपटावर सही करतो, तसा तो अजून येतो.

तर लॉगिन करताच हा दिवा आपोआप लागावा, एवढीच माझी मागणी. विंडोजवाल्यांना त्यासाठी रजिस्ट्रीत, म्हणजे सगळ्या सेटिंगच्या तळघरात, उतरावं लागतं. तिथे पूर्वी २ लिहिलं की भागायचं. पुढच्या आवृत्त्यांसाठी २१४७४८३६५० लिहा असं सांगतात. दिवा एक, आकडा दहा अंकी, आणि तो टाकायला आधी नमलॉक चालू हवा.

मी लिनक्सवाला, त्यामुळे माझ्या नशिबी वेगळे भोग. इथे नमलॉकएक्स नावाचा चिमुकला प्रोग्राम आहे. त्याला ‘ऑन’ म्हटलं की दिवा लागतो, ‘ऑफ’ म्हटलं की मालवतो, या दिव्यापलीकडे त्याला काही येत नाही. ऑटोस्टार्टच्या फोल्डरमध्ये त्याच्या नावाची फाइल टाकली की लॉगिननंतर तो आपसूक चालतो. चाललाही. दिवा लागला आणि क्षणभरात मालवला. कारण माझ्या मागून डेस्कटॉपची स्वतःची सेटिंग सांभाळणारी सेवा जागी झाली आणि तिने ‘काल बंद होता’ म्हणून परत बंद केला. यावर मान्यवर उपाय असा, की आपल्या प्रोग्रामला आधी पाच सेकंद झोपवायचं. मोठी माणसं बोलून दमली की मग आपण हळूच बोलायचं. शास्त्रीय म्हणावं असं यात काही नाही, पण चालतं.

दिवा टिकला. आणि मग लक्षात आलं की पासवर्ड लॉगिनच्या आधी टाकायचा असतो, आणि माझ्या पासवर्डात आकडे आहेत! दाराबाहेर अंधार, दिवा लागणार आत गेल्यावर. लॉगिनच्या पडद्याचं खातं वेगळं, फाइल वेगळी, आणि ती संपादित करायला प्रशासकाचे अधिकार हवेत. हा पडदा दाखवणारा प्रोग्राम एसडीडीएम असेल तर त्या फाइलीत एक ओळ लिहायची. लाइटडीएम असेल तर पडदा येण्याआधी तोच नमलॉकएक्स चालवायला सांगायचं. शिवाय सगळ्यांच्या आधी, संगणक सुरू होताच जागा होणाऱ्या बायोसमध्येही नमलॉकचा पर्याय असतो. एका दिव्याचे मालक किती, हे मोजायचं मी तिथेच सोडलं. (पुढे लिनक्सवर पडदा आणि कीबोर्ड सांभाळणारी जुनी एक्स ही व्यवस्था जाऊन नवं वेलँड आलं की बाहेरून हुकूम सोडणाऱ्या नमलॉकएक्सचं कुणी ऐकत नाही. तिथे डेस्कटॉपच्याच सेटिंगमध्ये जायचं. बहुतेकांकडे ती असते, हे त्यातल्या त्यात सुख.)

ही सगळी खटपट भाचा शेजारी बसून बघत होता. शेवटी म्हणाला, “मामा, एक बटण दाबायचा एवढा कंटाळा?”

या प्रश्नाला उत्तर नसतं. पण दिवा लागलेला बघून तोही विरघळला आणि हीच सेटिंग त्याने आपल्या जुन्या, छोट्या लॅपटॉपवर केली. अशा लॅपटॉपला आकड्यांचा वेगळा चौकोन नसतो. नमलॉक चालू झाला की अक्षरांचीच बटणं आकडे होतात: जे, के, एल म्हणजे १, २, ३ आणि एम म्हणजे शून्य. बऱ्याच ठिकाणी नमलॉक मुळात बंद ठेवतात तो या लोकांच्या सोयीसाठी.

रात्री त्याचा रोमन अक्षरांतला निरोप आला. सुरुवातीला ‘मामा’ असायचं, तिथे होतं शून्य, ए, शून्य, ए. पुढच्या मजकुरात तर नुसते हिशेबच.

मी कळवलं, “एक बटण दाब.”