टोपीकरांना जागा कुठे द्यावी?

जगात कुठेही युद्ध पेटलं की आपल्या व्हॉट्सॲपवर चाणक्य जागा होतो. 'शत्रूचा शत्रू तो मित्र' एवढ्यात अख्खं परराष्ट्र धोरण आटोपतं. कौटिल्याने संधी, विग्रह, आसन, यान, संश्रय आणि द्वैधीभाव असे सहा मार्ग सांगितलेत. त्यातलं 'आसन', म्हणजे गप्प बसून राहणं, हेही धोरणच आहे, पण ते कुणी फॉरवर्ड करत नाही. गप्प बसण्याला लाइक कोण देणार?

मला मात्र आजच्या जगासाठी जास्त कामाचे वाटतात ते मराठा राज्याचे मुत्सद्दी रामचंद्रपंत अमात्य. अठराव्या शतकाच्या सुरुवातीचं त्यांचं राज्यकारभारावरचं 'आज्ञापत्र' काढून साहुकारांविषयीचा, म्हणजे व्यापाऱ्यांविषयीचा भाग वाचा. साहुकार ही राज्याची शोभा, असं म्हणणारा हा माणूस व्यापाराच्या विरोधात मुळीच नाही. पण फिरंगी (पोर्तुगीज), इंग्रज, वलंदेज (डच) या टोपीकरांना, म्हणजे युरोपियनांना, तो वेगळं काढतो. हे नुसते व्यापारी नाहीत, यांच्या पाठीशी यांचे राजे आहेत, आणि राज्य करणाऱ्याला जागेचा लोभ नाही असं कसं होईल, हा त्याचा सवाल. पुढचा सल्ला तर फारच बारकाईचा. व्यापार करू द्या, वखारीला जागा द्यावीच लागली तर राजापूरसारखी आत द्या. समुद्रकाठी किंवा खाडीच्या तोंडावर नको. आरमार आणि दारूगोळा हेच यांचं बळ. किनाऱ्यावर बसले की त्या जोरावर किल्ला उभा करतील.

आता हंबनटोटा बघा. 2017 मध्ये श्रीलंकेने हे बंदर 99 वर्षांच्या भाडेपट्ट्याने एका चिनी कंपनीकडे दिलं. कंपनीची मालकी चिनी सरकारची. ऑगस्ट 2022 मध्ये उपग्रह-क्षेपणास्त्रांचा माग काढणारं 'युआन वांग 5' हे चिनी जहाज तिथे यायला निघालं. भारताच्या हरकतीनंतर कोलंबोने आधी 'सध्या नको' म्हटलं आणि थोड्याच दिवसांत परवानगी देऊन टाकली. किल्ला बांधायची गरजच पडली नाही.

अथेन्सचं पिरियस बंदरही 2016 पासून कॉस्को या चिनी सरकारी कंपनीच्या ताब्यात आहे. पुढच्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार परिषदेत चीनवर टीका करणारं युरोपीय संघाचं निवेदन ग्रीसने अडवलं. याचा धागा थेट बंदराशीच जोडता येईल असं मी म्हणत नाही, पण अमात्यांना याचं नवल वाटलं नसतं.

अर्थात 'किनारा सोडून आत बसा' असं सांगायला अंगात तेवढी धमक लागते. गळ्यापर्यंत कर्जात बुडालेला देश कसल्या अटी घालणार?

आणि टोपीकर म्हणजे फक्त चीन, असं समजून टाळ्या पिटणाऱ्यांना एक आठवण. मे 2024 मध्ये इराणच्या चाबहार बंदरातलं टर्मिनल 10 वर्षं चालवण्याचा करार आपण केला, आणि करार करणारी कंपनी भारत सरकारचीच आहे. तेहरानमध्ये कुणी आज्ञापत्र वाचलं तर टोपीकरांच्या यादीत तो आपलंही नाव घालेल, आणि त्यात त्याचं काहीच चुकणार नाही.