‘वाळूच तर आहे, गोल्फ कोर्स झाला तर बिघडलं काय?’ बिघडतं, सांगतो कसं

सध्या एक मेसेज सगळीकडे फिरतोय. सारांश असा की लिंक्स कोर्स, म्हणजे समुद्रकाठच्या वाळवट जमिनीवरचा गोल्फ कोर्स, हा निसर्गानेच बनवलेला असतो, स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूजला बघा, गोल्फ शेकडो वर्षं चाललंय, समुद्रकाठची वाळू तशीही पडीकच, उलट कोर्स झाला की ती उडायची थांबते, खतपाणी लागत नाही, वर गावाला हजारो नोकऱ्या. आणि विरोध करणारे म्हणजे ज्यांना खेळातलं काही कळत नाही ते. आता मी स्वतः ओपन या मोठ्या गोल्फ स्पर्धेचे चार दिवस घरच्यांशी धड बोलत नाही एवढा गोल्फवेडा आहे, त्यामुळे हा शेवटचा टोमणा निदान मला तरी लागू नाही.

सेंट अँड्र्यूजपासून सुरू करू, कारण ते अर्धं खरं आहे आणि म्हणूनच पटकन पटतं. वाऱ्यापासून आडोसा म्हणून मेंढ्या खड्ड्यात दडून बसायच्या, त्यातून बंकर, म्हणजे कोर्सवरचे वाळूचे खड्डे, झाले असं म्हणतात, गवत ससे कुरतडायचे, आणि माणसं जशी जमीन होती तशीच तिच्यावर खेळायची. १४५७ साली स्कॉटलंडच्या पार्लमेंटने गोल्फवर बंदी घातली, लोक धनुर्विद्येचा सराव सोडून हेच करत बसतात म्हणून, म्हणजे खेळ तेव्हा किती रुळलेला होता बघा. पण तिथे शतकानुशतकं खेळ जमिनीप्रमाणे बदलत गेला. आज नवा कोर्स करताना जमीन खेळाप्रमाणे बदलतात, तीही दोन-तीन वर्षांत. पाइपलाइन, ड्रेनेज, रस्ते, पार्किंग, क्लबहाउस सगळं आलं. आणि एक गंमत, सेंट अँड्र्यूजची ती जमीन गावाची आहे, १५५२ च्या सनदेत गावकऱ्यांचा खेळायचा हक्क लिहिलेला आहे, आजही एरवी दर रविवारी तिथला प्रसिद्ध ओल्ड कोर्स खेळासाठी बंद असतो आणि लोक कुत्री घेऊन फेअरवेवरून, म्हणजे खेळायच्या हिरवळीवरून, फिरतात. मेसेजमध्ये हे बरोबर गाळलंय.

आता ‘पडीक’. इथे जरा थांबतो, कारण सगळी मेख इथेच आहे. समुद्रकाठच्या वाळूच्या टेकड्यांवर मॅरम नावाचं गवत असतं, पान हातात घेतलंत तर आतल्या बाजूला गुंडाळलेलं, नळीसारखं, पाणी उडून जाऊ नये म्हणून. त्याच्यावर वाळू येऊन पडली की ते मरत नाही, वाळूतून वर वर वाढतं, उलट वाळू यायची थांबली की हळूहळू मरगळतं. म्हणजे टेकडी हलते म्हणूनच ती जिवंत असते! दोन टेकड्यांमधल्या खोलगट जागेला तिकडे स्लॅक म्हणतात, हिवाळ्यात जमिनीखालचं पाणी वर येऊन तिथे तळं साचतं, उन्हाळ्यात उतरतं, आणि त्या चढउतारावर जगणारी वेगळीच झाडं तिथे येतात. त्यामुळे ‘वाळू उडायची थांबते’ हा फायदा म्हणून सांगणं म्हणजे नदीचं वाहणं थांबवलं म्हणून पाठ थोपटून घेण्यासारखं आहे.

आणि हे नुसतं पुस्तकी नाही. अ‍ॅबर्डीनच्या उत्तरेला, स्कॉटलंडमध्येच, मेनी इथे ट्रम्प यांचा कोर्स झाला तो काही अंशी फोव्हरन लिंक्स या संरक्षित जागेवर. तिला संरक्षण मिळालं होतं तेच मुळी हलत्या वाळूसाठी. वाळू गवत लावून स्थिर केली, २०१२ ला कोर्स उघडला, आणि २०२० च्या डिसेंबरमध्ये निसर्गसंवर्धनाच्या सरकारी संस्थेनेच त्या भागाचा संरक्षित दर्जा काढून घेतला, कारण जपण्यासारखं होतं ते उरलंच नव्हतं.

खतपाण्याचं म्हणाल तर लिंक्सवर असतं त्या फेस्क्यू गवताला कमी लागतं हे खरंय. कमी, शून्य नाही. चार-पाच मिलिमीटरवर कापलेलं ग्रीन, म्हणजे छिद्राभोवतीची हिरवळ, रोज हजारो बूट तुडवणार, त्याला काहीतरी द्यावंच लागतं. आणि टेकड्यांवरची झाडं टिकतात ती वाळू निकस असते म्हणून, जरा पोषण मिळालं की दांडगं गवत माजतं आणि बाकीची गुदमरतात.

नोकऱ्या? मेनीलाच वचन होतं १ अब्ज पौंडांच्या गुंतवणुकीचं, सुमारे ६,००० नोकऱ्यांचं, ४५० खोल्यांच्या हॉटेलचं. स्थानिक समितीने नाही म्हटलेलं असताना २००८ मध्ये स्कॉटिश सरकारने याच आकड्यांकडे बघून हो म्हटलं. कोर्स झाला, २०२५ मध्ये दुसराही झाला, ते हॉटेल काही उभं राहिलं नाही, आणि कंपनीच्या हिशेबात माणसं साधारण शंभरच्या आतबाहेर.

बरं, एक मान्य करतो. काळजी घेऊन करता येतं. स्कॉटलंडच्याच किंटायरमध्ये मॅक्रिहॅनिश ड्यून्स हा कोर्स २००९ ला संरक्षित जागेतच झाला, २५९ एकरांपैकी जेमतेम ७ एकर जमीन उकरली आणि गवत राखायला मेंढ्या सोडल्या. पण असं बांधून घ्यायला मालक तयार लागतो आणि डोक्यावर कडक अटी लागतात, त्या अटींनाच मेसेजवाले ‘अडवणूक’ म्हणतायत.

आणि मला सगळ्यात खटकतं ते हे की चांगल्या लिंक्ससाठी कोरी जमीन लागतेच हे गृहीतच धरलंय. स्कॉटलंडमधला किंग्जबार्न्स बघा, २००० साली उघडला, जगभरचे लोक तिथे जाऊन ‘व्वा काय नैसर्गिक!’ म्हणतात आणि ते सगळं शेतजमिनीवर मशीनने घडवलेलं आहे. तिथलाच कॅसल स्टुअर्ट, तेही शेत. अमेरिकेतला चेंबर्स बे म्हणजे वाळू-खडीची जुनी खाण, तिथे २०१५ ची यूएस ओपन झाली. कॅनडातला कॅबट लिंक्स कोळशाच्या खाणीच्या जागेवर आहे.

स्कॉटलंडमधल्या डॉर्नॉकजवळ कूल लिंक्स इथे कोर्स करायचा प्रस्ताव स्कॉटिश सरकारने २०२० मध्ये फेटाळला तेव्हा ‘एका माशीसाठी गोल्फ अडवला’ अशी खिल्ली उडवली गेली. फोन्सेकाज सीड फ्लाय, अगदी साधी दिसणारी माशी, पण जगात सापडते ती त्या किनाऱ्याच्या छोट्याशा पट्ट्यात. तिला दुसरीकडे जागा नाही. गोल्फला आहे, किंग्जबार्न्सने दाखवलंय. मग मेसेज लिहिणाऱ्याने एवढंच सांगावं, शेजारचं शेत का नाही चालत?